उचलणार कोण

"आमच्या वाडीत कुनी आजारी न्हाय," कोंडीबा उतेकर म्हणाले. "तसं लिहून घ्या. समदी बरी हायेत."

डॉ. हर्षे हसले. "कुणीच नाही? साधा खोकलासुद्धा?"

"खोकला असायचाच की म्हातारपनी. त्याला काय आजार म्हनत्यात?"

भैरीच्या देवळाच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. समोर आंबेघोळची माणसं होती. बहुतेक बायका, आणि सगळीच म्हातारी. कुणी खांबाला टेकलेली, कुणी पाय पसरून बसलेली. डॉक्टर एकेकाला विचारत होते, आणि ज्याला विचारावं तो आधी कोंडीबांकडे बघायचा, मग मान हलवायचा. ताप? न्हाय. पोटाचं काही? न्हाय. गेल्या सालात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं? ह्या प्रश्नावर मात्र एक बाई उठली आणि काही न बोलता निघून गेली. उंच, हाडापेराची, कपाळ मोकळं.

"झिमावैनीला गुरं बांधायची असतील," कोंडीबा म्हणाले. दुपारचं ऊन अजून डोक्यावर होतं.

मी तेव्हा नुकतीच नर्स झाले होते. धरणाच्या पाण्यापलीकडच्या खोऱ्यात दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता. लाँचनं पाणी ओलांडायचं आणि पुढं पायी डोंगर चढायचा. तिथल्या लोकांना कोणते आजार होतात, बाळंतपणं कुठं होतात, काय मिळालं तर जीव वाचतील, हे वाडीवाडीत जाऊन बघायचं काम एका संस्थेनं आमच्याकडे दिलं होतं. डॉक्टरांच्या डोक्यात एक रुग्णलाँच होती. खाट, सलाइन, एक नर्स, सगळं तिच्यात. ती कुठल्या धक्क्यावर उभी करायची, ते आमच्या पाहणीवरून ठरणार होतं.

बाकीच्या वाड्यांत लोकांनी आम्हाला सोडलं नव्हतं. गुडघे, मोतीबिंदू, विंचू-सापाचे दंश, अंगावरून जाणं. बाया माझा हात धरून कोपऱ्यात न्यायच्या. आणि इथं, सगळ्यांत उंचावरच्या ह्या वाडीत, जिथली तरणी माणसं झाडून सारी मुंबईला माथाडीत होती, तिथं कुणालाच काही होत नव्हतं. मी रक्तदाब मोजायचा पट्टा काढला तर बायांनी हात पदराखाली घेतले.

"डोंगरची हवा असेल," डॉक्टर मला म्हणाले. पण त्यांचाही विश्वास बसलेला दिसला नाही.

माझी मुक्कामाची सोय झिमाबाईंकडे झाली. त्यांच्या घरात त्या एकट्याच होत्या. मुलगी वाईकडे दिलेली, मुलगा नव्हता. त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं, माझ्या आईबापाची चौकशी केली, लग्नाचं विचारलं. मी त्यांच्या मालकांचं विचारलं तर म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यात गेले," आणि ताटली उचलून चुलीपाशी गेल्या.

सकाळी आम्ही दोघी झऱ्यावर निघालो. वाट कोंडीबांच्या घरामागून जात होती. तिथं पोचलो आणि आतून आवाज आला. दबका, ओढल्यासारखा, मध्येच तुटणारा.

"रेडकू हाय," झिमाबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही.

मी वॉर्डात दिवस काढले होते. जनावराचं कण्हणं आणि माणसाचं कण्हणं मला कळत होतं. मी कळशी खाली ठेवली.

"बाय, जाऊ नगंस," झिमाबाई म्हणाल्या. त्यांनी मला अडवलं मात्र नाही.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत आंबूस, हिरवट वास भरला होता. बाजेवर एक बाई गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, आणि तोंडात पदराचा बोळा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. उशाशी कोंडीबा ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत होते. आदल्या दिवशी 'समदी बरी हायेत' म्हणणारा तोच माणूस. मला बघून त्यांचा हात थांबला. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खाली बघत राहिले.

"कोण आहेत ह्या?"

"माझी घरची," ते म्हणाले. "भिकाबाई."

मी धावत देवळात गेले.

डॉक्टरांनी तपासायला फार वेळ घेतला नाही. जांघेत लिंबाएवढी गाठ होती, लाल, दगडासारखी. पोट फुगून ताठ झालेलं. ती आत सरकते का, हे त्यांनी हलक्या हातानं पाहिलं, आणि भिकाबाई बोळ्यातूनही ओरडल्या. डॉक्टर लगेच थांबले. दुखणं थोडं कमी व्हावं म्हणून त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि कोंडीबांना बाहेर घेतलं.

"कधीपासून?"

"परवा सांजंपासनं."

"म्हणजे काल मी विचारत होतो तेव्हा ह्या आत..." डॉक्टरांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. "ऐका. आतडं गाठीत अडकलंय. ऑपरेशन केलं तर बाई वाचतील. औषधानं होणारं काम नाही हे. आत्ता निघालो तर लाँच गाठू, पलीकडे मी जीप मागवतो. डोली कुठाय तुमची?"

डोंगरातल्या प्रत्येक वाडीत एक डोली असते. दांड्याला बांधलेली खुर्ची किंवा झोळी, आजाऱ्याला खाली न्यायला. आम्ही ती सगळीकडे बघितली होती, देवळाच्या आढ्याला टांगलेली.

"न्हाय," कोंडीबा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"जाळली. शिमग्याला होळीत टाकली."

एव्हाना अंगणात माणसं जमली होती. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट होती ती.

"जाळली? का?" डॉक्टरांचा आवाज चढला. "डोली कशाला जाळता तुम्ही?"

कोंडीबांचे चुलतभाऊ बाळकूतात्या काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "डागदर, वाडीत बापय किती हायेत, मोजा की. मी हाय, ह्यो हाय, आनि सोनू हाय, त्येचं गुडघं गेलंत. डोलीला चार खांदं लागत्यात. वाटंत बदलायला आनखी चार. कुठनं आनायचं?"

"म्हणून माणूस मरू द्यायचं?"

"एकाला वाचवाया जावं तर दोन जात्यात," बाळकूतात्या म्हणाले, आणि त्यांनी झिमाबाईंकडे पाहून मान खाली घातली.

कोंडीबा पायरीवर बसले. माझ्याकडे बघत नव्हते, डॉक्टरांकडेही नाही. जमिनीशी बोलावं तसं त्यांनी सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात ते हिरडे काढायला झाडावर चढले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं. चौघांनी डोली उचलली, त्यातला एक मुंबईहून सुटीवर आलेला पोरगा. त्यात झिमाबाईंचे मालक गंगाराम होते, कोंडीबांपेक्षा वयानं मोठे. खिंडीच्या चढाला गंगारामांनी "जरा थांबा" म्हटलं, दांडा खाली ठेवला, झाडाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत.

"मी डोलीत. बघतोय," कोंडीबा म्हणाले. "म्हनलं, मला ठेवा खाली आनि त्येला उचला. पर त्यो गेलेला. मला तिघांनी ओढत न्हेला. माझा पाय जोडला डागदरनी. चालतोय मी." त्यांनी आपल्या मांडीवर मूठ आपटली. "ह्या पायापायी वैनीचं कपाळ गेलं."

"आनि मी खिंडीत बसलेली," झिमाबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या कुंपणाशी उभ्या होत्या. "त्येंच्यापाशी. सगळी ह्येला घिऊन गेली, म्हनली माघारी येतो. दिस कलंस्तवर माश्या वारत बसले. मेल्याला उचलायला बी चार मानसं लागत्यात ना. ती खालनं यायची हुती."

"तवा ठरलं," कोंडीबा म्हणाले. "कुनी कुनाला उचलायचं न्हाय. ज्येला येईल त्येनं घरात पडायचं. आनि बाहेरच्याला सांगायचं न्हाय. तुम्हाला कळलं की तुम्ही म्हननार, उचला. मग नको कसं म्हनायचं? मानसं लाजंकाजं खांदा देनार आनि मरनार. मीच म्हनलं सगळ्यास्नी, डोली जाळा. आता माझ्याच घरात आलंय तर मी नियम मोडू व्हय?"

डॉक्टर खाली बसले. मला वाटलं आता ते काहीतरी समजावतील. ते फक्त म्हणाले, "खालच्या गावातून माणसं आणली तर?"

"जायला यायला दिस जाईल," बाळकूतात्या म्हणाले.

आत भिकाबाई पुन्हा कण्हल्या. इंजेक्शन उतरत होतं.

तेव्हा झिमाबाई अंगणातून सरळ आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कासरा होता. गोठ्याच्या वळचणीला बांबू लावून ठेवले होते, त्यातले दोन त्यांनी ओढून काढले.

"बाजंला बांधा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तुम्ही तरनं हाय. म्होरं तुम्ही आनि बाळकूभावजी. मागं मी आनि कोंडीबाभावजी. ही बाय बदलीला."

"वैनी, न्हाय," कोंडीबा उभे राहिले. "तुमी न्हाय. तुमी तर बिलकूल न्हाय."

"का? म्या का न्हाय?"

"बायांनी खांदा..."

"मेल्या मानसाला बायांनी खांदा देऊ न्हाय म्हनत्यात," झिमाबाई म्हणाल्या. "ही जित्ती हाय. माझी जाऊ हाय ती. बांधा म्हनते ना."

कोंडीबांनी त्यांचे पाय धरले. खरंच धरले, वाकून, दोन्ही हातांनी. झिमाबाईंनी पाय सोडवून घेतले आणि बाजेची चौकट भक्कम आहे का ते बघायला लागल्या.

आम्ही निघालो तेव्हा उन्हं वर आली होती. आंबेघोळहून खिंडीपर्यंत आधी थोडा चढ आहे आणि मग पाण्यापर्यंत सारा उतार. चढाला बाज मागं झुकते आणि सगळं वजन मागच्यांवर येतं. मागं झिमाबाई आणि कोंडीबा होते. कोंडीबांचा जोडलेला पाय प्रत्येक पावलाला बाहेर फेकला जायचा. मी बाजूनं चालत भिकाबाईंचा हात धरला होता. नाडी चालू होती, पण बारीक. मध्येच मी झिमाबाईंना म्हटलं, "आजी, आता मी घेते." त्यांनी मान हलवली. मी बाळकूतात्यांचा खांदा घेतला, कारण ते धापा टाकायला लागले होते. बांबू खांद्याच्या हाडावर बसला की कसं होतं ते मला तेव्हा कळलं. दुखत नाही आधी. आधी नुसता हात बधिर होतो.

खिंडीत एक जुनं जांभळाचं झाड आहे. त्याच्याखाली पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "टेकवू या जरा."

"हितं नगं," मागून झिमाबाई म्हणाल्या. "म्होरं चला."

आम्ही पुढं गेलो. उतार लागला तसा तात्यांनी आपला खांदा परत घेतला आणि मी पुन्हा भिकाबाईंचा हात धरला. तिथून धरणाचं पाणी दिसतं, लांब, निळसर पट्टा, आणि कडेला लाँच, नखाएवढी. डॉक्टरांनी जोरात सांगितलं, "भिकाबाई, ते बघा पाणी! आलोच आपण."

भिकाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी पाणी पाहिलं की नाही कोण जाणे. त्यांना मागं झिमाबाई दिसल्या. बांबू घासून त्यांच्या चोळीचा खांदा फाटला होता आणि तिथं रक्ताचा डाग पडला होता. भिकाबाईंनी माझ्या हातातून हात काढून घेतला आणि बोळा तोंडातून बाहेर टाकला.

"जाऊबाई," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण स्पष्ट. "ठेवा मला. हितं ठेवा."

"गप पड."

"तुमी पडाल वं. एक घेतला तुमचा. आता तुमी..."

"गप पड म्हनते ना भिके. बोलू नगंस, जीव राख."

"ह्येंना सांगा, ठेवा म्हनावं."

कोंडीबांचं तोंड मला दिसत नव्हतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. ते थांबले नाहीत. कुणीच थांबलं नाही. उतारावर बाज आता पुढं ओढत होती आणि डॉक्टरांचे पाय घसरत होते.

त्यानंतर भिकाबाई बोलल्या नाहीत. मी नाडी धरून चालत होते. मध्ये एकदा ती माझ्या बोटांखालून निसटली, मी बोटं हलवून पुन्हा शोधली, सापडली. पुढं एका ओढ्याशी ती पुन्हा निसटली. मी शोधत राहिले. डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"थांबा," ते म्हणाले.

बाज दगडावर टेकवली. डॉक्टरांनी छातीला कान लावला, डोळे उघडून पाहिले. जे करायचं ते सगळं केलं. दोन्ही हातांनी छाती दाबत राहिले, मी 'पुरे' म्हणेपर्यंत दाबत राहिले. मग उठून ओढ्याच्या काठाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाणी तिथून हाकेच्या अंतरावर होतं. लाँचवाल्यानं आम्हाला पाहून भोंगा वाजवला.

कोंडीबांनी भिकाबाईंचा पदर नीट केला. रडले नाहीत. "वैनी," ते म्हणाले, "सोडा आता. आता ही मेली. आता न्हाय चालत."

"खाली जायाचं हाय अजून," झिमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा बांबूखाली खांदा घातला.

परत वर न्यायचा प्रश्नच नव्हता. वर न्यायला चढ होता, आणि माणसं तीच होती. लाँचवाल्यानं दोन गावांतून माणसं बोलावली, लाकडं आणली, आणि भिकाबाईंना पाण्याच्या कडेलाच अग्नी दिला. आंबेघोळच्या माणसाचं तसं पहिल्यांदाच झालं. झिमाबाई शेवटपर्यंत थांबल्या, मग काठी घेऊन कोंडीबांबरोबर डोंगर चढायला लागल्या. मी त्यांच्या खांद्याला पट्टी बांधली होती. ती त्यांनी काढून टाकली नसेल, अशी मला आशा होती.

डॉक्टरांनी अहवाल दिला. रुग्णलाँच मंजूर झाली, धक्क्यावर उभी राहिली आणि पाण्याकडेच्या गावांत तिनं कितीतरी बायका-मुलं वाचवली, हे नाकारून चालणार नाही. वरच्या वाडीपर्यंत ती पोचू शकत नव्हती. डॉक्टर तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. त्यांनी मुंबईत जाऊन आंबेघोळच्या मुलांना गाठलं, माथाडींच्या एका खोलीत. मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी भाषण केलं नाही, झालेलं सांगितलं. बांबू कुणी धरला ते सांगितलं. कोंडीबांचा थोरला मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. जमलेली ती मुलं ओझी उचलून पोट भरणारी होती. त्यांच्या खांद्यांना घट्टे पडलेले होते.

त्यांनी पाळी लावली. दर महिन्याला चौघांनी कामावरून सुटी घ्यायची आणि वाडीत जाऊन राहायचं. नवी डोली केली. कोंडीबा त्यानंतर फार जगले नाहीत, पण ती पाळी त्यांच्या मागंही चालू राहिली. त्या पोरांनी सोनूआबांना खाली नेलं, बाळकूतात्यांना दोनदा नेलं. तात्या परत येऊन स्वतःच्या पायांनी डोंगर चढले. मला त्याचा इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं.

झिमाबाईंची बातमी मला त्यांच्या मुलीकडून कळली, काही वर्षांनी. पावसाळा संपत आला होता. त्या घरातच गेल्या. छातीत दुखत असणार, कारण एक हात मुठीत आवळलेला होता आणि जमिनीवर सरपटल्याच्या खुणा होत्या. दारापर्यंत आल्या होत्या. दार आतून लावलेलं होतं. उघडायला नाही, कडी घालायला त्या तिथवर गेल्या होत्या.

"एकट्याच होत्या का?" मी विचारलं.

"नाही ना," मुलगी म्हणाली. "पाळीची चारी पोरं वाडीतच होती. शेजारच्या घरात पत्ते खेळत बसली होती. तिनं हाक मारली नाही."